परिचित

विनय पोहनकरांनी तो शब्द उच्चारला तेव्हा राजश्रीच्या एका हातात खोव्याच्या जिलबीचा द्रोण होता आणि दुसऱ्या हाताने ती शालीचं टोक पाकापासून वाचवत होती. जानेवारीतला रविवार, सकाळचे साडेनऊ. तिलवाऱ्याला नर्मदेवर जायचं आणि परत येताना कमानिया गेटापाशी थांबून जिलबी खायची, हे गेल्या हिवाळ्यापासून ठरूनच गेलेलं. गर्दीतून एक मफलरवाले गृहस्थ "अरे, पोहनकर साहब!" करत पुढे आले. हे दुबेजी. पोहनकर रेल्वेत गार्ड होते आणि दुबेजी ड्रायव्हर. एकाच गाडीच्या दोन टोकांना बसून दोघांनी वीस वर्षं काढलेली. गळाभेट झाली, गुडघ्यांची चौकशी झाली, आणि मग दुबेजींची नजर राजश्रीवर येऊन थांबली. त्यांनी हात जोडले, भुवया किंचित वर नेल्या. "और ये?" पोहनकर म्हणाले, "ये... हमारी परिचित हैं. राजश्रीजी." राजश्रीने द्रोण सावरत नमस्कार केला, हसलीसुद्धा. दुबेजी गेले. पोहनकरांनी आणखी एक घेणार का म्हणून विचारलं. ती म्हणाली, डोकं जड झालंय, मी ऑटोने जाते. "स्कूटरवर सोडतो ना," ते म्हणाले. "नको," म्हणून ती चिकट बोटांनीच ऑटोत जाऊन बसली.

शब्द तसा वाईट नव्हता. लग्नपत्रिकेच्या तळाशी आप्तेष्टांनंतर येणारा, सभ्य, इस्त्री केलेला शब्द. खोटाही नव्हता. तिला टोचत होती ती 'ये' आणि 'हमारी' यांच्यामधली फट. त्या अर्ध्या क्षणात पोहनकर काहीतरी शोधत होते, आणि सापडलं नाही म्हणून हाताला लागलं ते त्यांनी पुढे केलं होतं. ऑटो खड्ड्यात आपटला, समोरच्या आरशाला बांधलेलं लिंबू-मिरची हेलकावलं, आणि तिला वाटलं, आपल्या ऑफिसातलं कोणी भेटलं असतं तर आपण काय म्हटलं असतं? "हे पोहनकर." एवढंच. त्याहून जास्त काही आपल्याकडे तरी कुठे होतं? हे लक्षात आल्यावर तिचा राग पातळ व्हायला लागला, आणि राग पातळ होतोय याचाच तिला जास्त राग आला. एकसष्टाव्या वर्षी माणसाला धड रागावताही येऊ नये म्हणजे काय!

राइट टाउनमधल्या आपल्या दोन खोल्यांत येऊन तिने हात धुतले, चहा ठेवला आणि चहा उकळून आटेपर्यंत ओट्याला टेकून उभी राहिली. चौदा महिने. तोफगाडीच्या कारखान्यातून ती निवृत्त झाली त्याच महिन्यात भाची प्रणोती इंदूरहून आली होती. तिने आत्याचा मोबाइल मागून घेतला, पन्नाशीपुढच्या लोकांच्या ओळखी करून देणाऱ्या कुठल्याशा संस्थेत तिचं नाव घातलं आणि फोटो म्हणून निरोपसमारंभातला, हार घातलेला फोटो टाकला. "अगं, या हारात मी मेल्यासारखी दिसते," राजश्री ओरडली होती. त्या हारातल्या बाईला भेटायला पोहनकर आले ते रेल्वेचं जुनं ओळखपत्र घेऊन. कॉफीच्या दुकानात बसल्याबरोबर त्यांनी ते टेबलावर ठेवलं. "आजकाल फसवणूक फार होऊन राहिली. तुम्ही आधी हे पाहून घ्या." तिने खरंच पाहून घेतलं. फोटोत काळ्या मिशा होत्या, समोर पांढऱ्या. पत्नी मीरा सहा वर्षांपूर्वी गेल्याचं त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं, आणि पुढचा तासभर ते इटारसीच्या संत्र्यांबद्दल बोलत राहिले. तिसऱ्या भेटीत त्यांच्या लक्षात आलं की हिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. बोलले काही नाहीत. पण तेव्हापासून ते तिच्या उजव्या बाजूने चालायला लागले, रस्ता ओलांडला की पुन्हा वळसा घालून उजवीकडे येत. आईच्याही हे कधी लक्षात आलं नव्हतं.

आणि एकदा भेडाघाटला. तिथल्या संगमरवरी मूर्तींच्या दुकानांपुढे ओली पांढरी भुकटी पसरली होती, तिच्यावरून तिचा पाय सटकला आणि पोहनकरांनी हात धरला. धरला तो स्कूटरपर्यंत सोडला नाही. दोनशे पावलं असतील. त्या दोनशे पावलांत ती काय बोलली, ते काय बोलले, तिला काही आठवत नाही. आठवतो तो तळव्याचा खरखरीत कोरडेपणा आणि अंगठ्याची होणारी मंद हालचाल, जणू हात आपल्याच नादात काहीतरी मोजत होता. त्या दिवशी घरी येऊन ती आरशापुढे उभी राहिली होती. केस, मान, ब्लाउजमधून डोकावणारी सैल कातडी. हे सगळं आता कोणाच्या कामाचं नाही असं तिने कधीचंच ठरवून टाकलं होतं, आणि त्या कातडीला मात्र कोणी ते कळवलंच नव्हतं.

कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ती ट्रेसर म्हणून लागली तेव्हा तेवीस वर्षांची होती. मूळ नकाशावर पारदर्शक कापड ताणायचं आणि खालची रेघ वर शाईने उतरवायची. हात थरथरता कामा नये, आणि आपल्या मनाचं काही घालता कामा नये. तिथेच अनुपम होता. तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, हुशार, इंजिनियर. सहा वर्षं दोघांनी एकत्र डबा खाल्ला. त्याच्या डब्यातली भेंडी ती खायची, तिच्याकडचं भरलं वांगं तो. यांचं जमणार असं सगळं ऑफिस धरूनच चाललं होतं. तीही धरून चालली होती. विचारायचं त्याने, हे इतकं उघड होतं की त्याबद्दल विचार करायचीसुद्धा तिला गरज वाटली नाही. मग आईला अर्धांगवायू झाला, राजश्रीने दोन महिन्यांची रजा काढली, आणि ती परत आली तेव्हा अनुपमच्या कानपूरच्या बदलीचा हुकूम आलेला होता. जाताना तो म्हणाला, "पत्र लिहा." तिने लिहिली. चार. पाचव्याच्या आधी त्याची लग्नपत्रिका आली. पुढे सोळा वर्षं तिने आईला कुशीवर वळवलं, पुसलं, भरवलं. आणि त्या सोळा वर्षांत कधी कधी दुपारी, आईचा डोळा लागलेला असताना, तिला एवढंच वाटायचं की आपण विचारलं का नाही? तो नाही म्हणाला असता. कदाचित नाहीच म्हणाला असता. पण मग निदान तो नकार आपला झाला असता, आपण जाऊन आणलेला.

चहा जळाल्याचा वास आला तशी ती भानावर आली. पातेलं सिंकमध्ये टाकलं आणि प्रणोतीला फोन लावला. प्रणोतीला मराठी सगळी कळायची, बोलताना मात्र तिची गाडी हिंदीच्या रुळावर जायची. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "आत्या, एक बात बता. तुम्ही दोघं कधी बोलले याच्यावर?"

"कशावर?"

"अरे, इसी पे! की आगे क्या. शादी, साथ में रहना, जे काय असेल ते."

"ते माझ्या उजव्या बाजूने चालतात," राजश्री म्हणाली, आणि म्हटल्यावर तिलाच ते उत्तर किती अपुरं आहे ते जाणवलं.

"हाऊ स्वीट. पण चलने से क्या होता है! आमच्यात हे सहा महिन्यात विचारून घेतात. तू चौदा महिने काय करून राहिली?"

काय करून राहिली होती? वाट पाहत होती. पुन्हा तेच. तिला एकदम दिसलं की तिने खालची जुनी रेघच वर नव्या कापडावर उतरवली आहे, हात न थरथरता. फक्त यावेळी पुढे सोळा वर्षं नव्हती. त्या संध्याकाळी पोहनकरांचा रोजचा सातचा फोन आला नाही. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. सव्वासातला ती मोबाइल उलटा ठेवून उठली, साडेसातला सुलटा केला. मग तिने मटार सोलायला घेतले आणि सोलता सोलता वाक्यं जुळवायला लागली. 'विनयजी, मला एक विचारायचं होतं.' हे फारच ऑफिसमधलं. 'आपलं हे जे आहे ते काय आहे?' हे प्रणोतीचं. 'मी तुमची कोण?' हे तर सिनेमातलं, आणि तेही पडलेल्या. मटार संपले, वाक्य मिळालं नाही.

सोमवारी दुपारी बारा वाजता ती मदन महल स्टेशनच्या मागे पोहनकरांच्या दारात उभी होती. त्यांनी दार उघडलं. हाताला मेथीचा वास, गळ्यात पंचा. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर जुडी सोडलेली होती.

"या, या. डोकं कसं आहे?"

"डोकं दुखत नव्हतं."

"ते मला कळलं," ते म्हणाले.

"मग फोन काहून नाही केला?"

"काय बोलू ते शोधून राहिलो होतो." ते पुन्हा खुर्चीवर बसले, एक काडी उचलली, तिची पानं तोडली आणि चुकून काडीच पानांच्या ढिगात टाकली. राजश्री समोर बसली. पर्स मांडीवर घट्ट धरलेली. बाहेरून कुठलीशी गाडी धडधडत गेली, खिडकीची काच हलली. ते सवयीने गाडी पूर्ण जाईपर्यंत थांबले, शेवटचा डबा गेला तसा त्यांनी मान हलवली. आणि त्या मान हलवण्यावर तिला इतकी माया आली की जुळवलेली सगळी वाक्यं कोलमडली.

"मला लग्न करायचं आहे," ती म्हणाली. "तुमच्याशी. तुम्हाला करायचं नसेल तर तसं सांगा. मी ही मेथी निवडून देते आणि घरी जाते."

एकसष्ट वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं. तिचे कान तापले, उजवा तर फारच. पोहनकरांच्या हातातली काडी तशीच राहिली. तिच्या मनात आलं, झालं, आता ते सभ्य शब्दात काहीतरी सांगतील.

"तू सोळा वर्षं आईचं केलंस," ते म्हणाले. 'तू' कधी आलं ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. "मी पासष्टचा. दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकला. उद्या मी पडलो की पुन्हा तेच तुझ्या नशिबी. मीराचं मी केलं आहे शेवटचे दहा महिने. मला माहीत आहे ते काय असतं."

"ते मी ठरवीन. पडायचं तर मीही पडू शकते. माझा काय ठेका आहे उशाशी बसून राहायचा?" तिचा आवाज चढला. "हे कारण नाही. खरं सांगा."

पोहनकरांनी पंच्याने हात पुसले. एकेक बोट पुसलं. "मीराची आई आहे," ते म्हणाले. "घमापुरात राहते. अठ्ठ्याऐंशी वर्षांची. मीरा एकुलती एक. स्मशानातून परत आलो तर तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, आता तूच माझा मुलगा. दर गुरुवारी जातो मी तिच्याकडे. औषधं नेतो, तास-दोन तास बसतो. तिला मी काय सांगू? की तुझ्या मुलीच्या जागी... आणि दुबेच्या घरचे तिच्याच शेजारी राहतात. मी काल दुकानात एक शब्द इकडचा तिकडे बोललो असतो तर संध्याकाळपर्यंत तिच्या कानावर गेला असता. तिला दुसऱ्याकडून कळू नये. मी सांगणार आहे. दर गुरुवारी ठरवून जातो आणि तसाच परत येतो. दहा महिने झाले."

"दहा महिने?"

"होळीच्या नंतर ठरवलं मी. की तुलाच विचारायचं."

राजश्रीला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. मग ऐकू आलं. "म्हणजे तुम्ही दहा महिन्यांपूर्वी ठरवलं, सासूला सांगायचा प्रयत्न करून राहिले, आणि मला?"

"तुला नंतर. आधी वडीलधाऱ्यांची परवानगी—"

"अहो, पण मला आधी विचारायचं होतं ना! मी नाही म्हटलं असतं तर?"

हा विचार त्यांच्या मनाला शिवलाच नव्हता हे त्यांच्या चेहऱ्यावर इतकं स्वच्छ दिसलं की तिला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते तिने तळहाताने पुसलं. चाळीस वर्षं हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय ज्याने गाडी हलू दिली नाही तो माणूस दहा महिने फलाटावर झेंडी गुंडाळून उभा होता, आणि आत बसलेल्या प्रवाशाला कळवायचं मात्र राहून गेलं होतं. रागवायला हवं होतं. थोडं ती रागावलीही. तो राग तिने पुढे पुष्कळ दिवस जपून वापरला. पण त्या क्षणी ती उठली, शाल घेतली आणि म्हणाली, "चला."

"कुठे?"

"घमापूर."

"आत्ता? आज तर सोमवार आहे."

"मग काय पंचांग पाहता? उठा. शर्ट बदला."

स्कूटरवर ती मागे बसली. त्यांच्या स्वेटरच्या पाठीवर एक टाका सुटलेला होता. राजश्री वाटभर त्या टाक्याकडे पाहत होती. घमापुराच्या बाजारात हातगाड्यांतून वाट काढताना तिला वाटलं, आपण हे काय करतोय? एका म्हातारीला, जिची मुलगी गेली, तिला जाऊन आपला चेहरा दाखवायचा? बाविसाव्या वर्षी एकदा तिला पाहायला नागपूरचे लोक आले होते. पोह्यांची बशी धरताना जसे तळहात गार पडले होते तसे आता पडले. भांड्यांच्या दुकानाशेजारून एक अरुंद जिना वर जात होता. पोहनकर पुढे, ती मागे.

मीराची आई, जयाबाई, गॅलरीत उन्हाला बसल्या होत्या. अंगात दोन स्वेटर, डोक्याला रुमाल, पायाशी पाण्याचा तांब्या. भिंतीवर मीराचा फोटो; मोठा चष्मा, किंचित पुढे आलेले दात, हसरी. राजश्रीने त्या फोटोकडे चोरून पाहायचं ठरवलं होतं, पण पाहिलं ते सरळच. ही बाई मला आवडली असती, असं काहीतरी तिच्या मनात येऊन गेलं.

"आज कसा काय?" जयाबाईंनी डोळ्यांवर हात धरला. "आणि ही कोण?"

पोहनकर वाकून नमस्कार करून उभे राहिले. राजश्रीला त्यांचा श्वास ऐकू आला. "आई, ही राजश्री देशकर. मी हिच्याशी लग्न करणार आहे. तुला सांगायला आलो."

खाली दुकानात कोणीतरी पातेलं वाजवून पाहत होतं. टण्, टण्. जयाबाईंनी रुमालाची गाठ सोडली, पुन्हा बांधली. गाठ नीट बसेना, आणि राजश्रीचा हात आपोआप पुढे जाऊ लागला तो तिने आवरला. ते तिचं काम नव्हतं. अजून नव्हतं.

"मला वाटलंच," अखेर जयाबाई म्हणाल्या. "होळीपासून तू इस्त्रीचे शर्ट घालून येऊन राहिला. मीरा होती तेव्हाही तुला इस्त्री माहीत नव्हती." तांब्यातलं पाणी पिऊन त्यांनी तोंड पुसलं. "काहून लपवलं रे इतके दिवस? मी काय खाऊन टाकलं असतं तिला?"

"तसं नाही आई—"

"गप्प बस. तू जा, खालून समोसे घेऊन ये. गरम पाहून आण." ते जिन्यावरून उतरेपर्यंत त्या थांबल्या. मग त्यांनी राजश्रीला जवळच्या स्टुलावर बसवलं आणि तिचा हात उलटा करून पाहिला, जणू हातावर काही लिहिलेलं होतं. "पहिलंच लग्न आहे काय तुझं?"

"हो."

"भांबावली आहेस."

"हो," राजश्री म्हणाली.

"एक सांगते, राग नको मानू." जयाबाईंनी हात सोडला नाही. "लग्न झालं तरी गुरुवारी तो इथे येईल. एकटा येईल. तू नको येऊ. मला माझ्या मुलीबद्दल बोलायचं असते आणि दुसरं कोणी उरलं नाही तिला ओळखणारं. तू बसलीस तर तो बोलणार नाही, आणि मीही नाही."

आपल्याला मिळणारा माणूस आठवड्याच्या सहाच दिवसांचा आहे, एक दिवस त्याचा कायमचा आधीच देऊन झालेला आहे, असं राजश्रीला वाटलं. आणि ते वाटणं तिने दाबलं नाही, नीट वाटू दिलं. उन्हात म्हाताऱ्या हातावरच्या शिरा निळ्या दिसत होत्या. इतकं सरळ, इतकं नेमकं तिच्याकडून आजवर कोणी काही मागितलं नव्हतं. लोक नुसतं धरून चालले होते.

"नाही येणार," ती म्हणाली. "गुरुवार तुमचा."

जयाबाईंनी मान डोलावली. खाली जिन्यात पोहनकरांची पावलं वाजायला लागली, एकेक पायरी, मध्ये थांबून. म्हातारीने मान पुढे केली, आणि बोलली ती नेमकी डाव्या कानाशी, हलक्या आवाजात. राजश्रीला काही कळलं नाही. तिने डोकं वळवून उजवा कान पुढे केला.

"म्हटलं, तू बुधवारी येत जा," जयाबाई म्हणाल्या. "एकटीच ये. त्याच्या खोडी सांगते तुला एकेक."